उकिडवे बसता येणारा पाय

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६० च्या दशकात डॉ. प्रमोद करण सेठी यांना एक गोष्ट सतत खटकत होती. पाय कापावा लागलेल्या रुग्णाला कृत्रिम पाय बसवून, चालण्याचा सराव देऊन घरी पाठवले, तरी काही काळाने तो कुबड्यांवरच परत यायचा. पाय मिळूनही माणूस तो वापरत नव्हता. अशा वेळी दोष रुग्णावर टाकणे फार सोपे असते. खेड्यातला माणूस, शिक्षण नाही, चिकाटी नाही, नव्या वस्तूची सवय नाही, असे म्हणून विषय संपवता येतो. सेठींनी तसे केले नाही. त्यांनी पायावरच संशय घेतला आणि तो वापरणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो हे बारकाईने पाहायला सुरुवात केली. आज ‘जयपूर फूट’ म्हणून जगभर माहीत असलेल्या कृत्रिम पावलाची गोष्ट तिथून सुरू होते.

सर्जनशीलता कुठून येते, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे बोलणे लगेच दैवी देणगीकडे वळते. नाहीतर झाडावरून पडलेले सफरचंद आणि न्हाणीघरातून धावत सुटलेला आर्किमिडीज पुढे येतात. या गोष्टी ऐकायला छान असतात, पण एखादी चांगली वस्तू नेमकी कशी घडते हे त्यांतून कळत नाही. जयपूर फूटची हकिगत मला म्हणूनच मोलाची वाटते. कल्पना कशातून निघाली, कोणाच्या हातांनी ती आकाराला आली, कुठे अडली आणि वापरणाऱ्यांनी तिला काय वळण दिले, हे सगळे इथे उघड दिसते.

त्या काळी रुग्णांना बसवला जाणारा पाय ‘सॅच फूट’ प्रकारचा असे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जायबंदी सैनिकांसाठी कृत्रिम अवयवांवर मोठे संशोधन झाले. त्यातून १९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात ही रचना पुढे आली. ताठ घोटा आणि मऊ टाच हे तिचे सूत्र. आत लाकडाचा ताठ गाभा, घोट्यापासून जवळजवळ बोटांच्या मुळापर्यंत गेलेला, आणि टाचेत स्पंजासारख्या रबराची पाचर. पाऊल टेकले की टाच दबते आणि घोटा हलल्यासारखी चाल मिळते. हलणारा सांधाच नाही, त्यामुळे झिजण्यासारखे आणि बिघडण्यासारखे फारसे काही नाही. रचना म्हणून ती उत्तमच होती. पण ती ज्या माणसासाठी केली होती तो बूट घालून सपाट रस्त्यावर चालणारा, खुर्चीत बसणारा आणि टेबलावर जेवणारा होता.

आपल्याकडच्या शेतकऱ्याचा दिवस उकिडवे बसण्याने सुरू होतो. शौचाला बसायचे, चुलीपुढे बसायचे, गाईची धार काढायची, निंदणी करायची. सगळीकडे तीच बैठक. उकिडवे बसताना तळवा जमिनीला टेकलेला राहतो आणि नडगी पुढे झुकते. म्हणजे पाऊल घोट्यात वरच्या बाजूला चांगले दुमडावे लागते. सॅच फूटमधला ताठ गाभा नेमके हेच होऊ देत नाही. बसू पाहणाऱ्याचा तोल मागे जातो. मांडी घालायची तर पाऊल आतल्या अंगाला वळावे लागते आणि बाजूवर कलावे लागते. तेही या रचनेत बसत नाही. ढेकळांतून किंवा बांधावरून चालताना खरे पाऊल जमिनीच्या चढउताराप्रमाणे क्षणोक्षणी डावीउजवीकडे झुकत असते. ताठ पाऊल झुकले नाही की तो हिसका वर, कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर बसतो, आणि तिथली कातडी मुळातच असा भार सोसण्यासाठी घडलेली नसते.

शिवाय हा पाय बुटात घालूनच वापरायचा. शेतातल्या चिखलात बूट रुततो, पाणी लागले की आतला स्पंज खराब होतो. आणि बूट पायात ठेवून देवळात जाता येत नाही, स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नाही, कोणाच्या घरी सतरंजीवर बसता येत नाही. चालता येऊ लागलेल्या माणसाला पंगतीला मात्र बसता येत नव्हते. त्याने तो पाय बाजूला ठेवून कुबडी जवळ केली, यात अडाणीपणा कसला? कुबडी घेऊन त्याला निदान आपल्या घरात आपल्यासारखे वागता तरी येत होते.

माझ्या मते जयपूर फूटमधली सर्वांत मोठी कल्पना रबराची नाही. ती या निरीक्षणात आहे. इतर अनेक ठिकाणी डॉक्टर विचारत होते की रुग्णाला हा पाय वापरायला कसे शिकवावे. सेठींनी विचारले की या माणसाच्या जगण्याला पुरेल असा पाय कसा असेल. प्रश्न असा फिरवल्यावर अटी आपोआप समोर आल्या. पाय अनवाणी वापरता आला पाहिजे. पाण्यात आणि चिखलात टिकला पाहिजे. उकिडवे बसता आले पाहिजे, मांडी घालता आली पाहिजे. बूट नसणार, म्हणजे तो दिसायलाही खऱ्या पावलासारखा, बोटांसकट आणि माणसाच्या रंगाचा हवा. आणि तो इथल्या साहित्यातून, इथल्या हातांनी, गरिबाला परवडेल असा बनला पाहिजे. अटींमुळे कल्पकतेला बेड्या पडतात असे अनेकांना वाटते. इथे मात्र एकेका अटीने शोधाची दिशा ठरवली. ‘चांगला कृत्रिम पाय बनवा’ एवढेच सांगितले असते, तर कोणीही पुन्हा सॅच फूटच बनवला असता.

सेठी एडिंबरोहून एफआरसीएस होऊन आलेले शल्यविशारद होते. शरीराचे शास्त्र त्यांना माहीत होते. घोट्याखालच्या सांध्यांत कोणकोणत्या अक्षांवर हालचाल होते, भार कुठून कुठे जातो, हे ते सांगू शकत होते. पण रबर किती तापवले की साच्यात बसते, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. ते माहीत करून घेणारा माणूस त्याच रुग्णालयात होता. रामचंद्र शर्मा हे कारागिरांच्या घराण्यातले. शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत, पण हातात अनेक कला. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. लाकूड, धातू, माती यांच्याशी त्यांचे हात बोलत असत. कोणता पदार्थ कुठे वाकेल, कुठे फुटेल, कशाला चिकटेल, हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालेले नव्हते आणि ते पुस्तकात लिहिता येण्यासारखेही नव्हते.

रबराची कल्पना कशी सुचली याची एक गोष्ट सांगितली जाते. मास्टरजींची सायकल पंक्चर झाली, ते दुकानात थांबले, तिथे ट्रकच्या टायरवर नवे रबर चढवण्याचे काम चालले होते, आणि ते पाहून त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गोष्ट गोड आहे आणि म्हणूनच ती सगळीकडे पसरली. पण पंक्चर तर रोज असंख्य सायकलींना होते आणि टायर रिमोल्ड करणारी दुकाने प्रत्येक शहरात असतात. तिथे उभे राहून पाऊल दिसण्यासाठी आधी डोक्यात पावलाचा प्रश्न घर करून बसलेला असावा लागतो. मास्टरजी कितीतरी काळ वेगवेगळे पदार्थ हाताळून थकलेले होते. काय चालत नाही हे त्यांना पुरते कळले होते. दुकानात दिसले ते फक्त शेवटचा तुकडा होता.

हा तुकडा इतका नेमका का बसला, हे समजून घेण्यासारखे आहे. झाडाच्या चिकातून मिळणारे कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होऊन तडकते. त्यात गंधक मिसळून तापवले की रबराच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना जागोजागी सांधल्या जातात. मग ते ताणले तरी मूळ आकारात परत येते, उन्हात वितळत नाही, पाण्याने बिघडत नाही. चार्ल्स गुडइयरने १८४४ साली या प्रक्रियेचे पेटंट घेतले. तिला व्हल्कनायझेशन म्हणतात. टायर रिमोल्ड करताना हेच होते. झिजलेल्या टायरवर कच्च्या रबराच्या पट्ट्या चढवतात, साच्यात घालून दाब आणि उष्णता देतात, की नवे रबर जुन्याशी एकजीव होते. आता त्या दुकानात काय काय होते ते पाहा. चिखल, दगड आणि ऊन सोसणारे रबर होते. टायरला बळकटी देणारा दोऱ्यांचा थर, म्हणजे टायर कॉर्ड, होता. साच्याखाली तापमान सांभाळणारी व्यवस्था होती, आणि ती चालवणारे सराईत हात होते. नवा कारखाना उभारायची गरजच नव्हती. पावलाचा साचा तेवढा हवा होता.

मग हे आधी कोणाला का दिसले नाही? कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या एका प्रयोगात याचे उत्तर आहे. त्याचे हे संशोधन १९४५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याने लोकांना मेणबत्त्या, काड्यापेटी आणि छोट्या खोक्यात टाचण्या दिल्या आणि भिंतीवर मेणबत्ती उभी करायला सांगितले. उत्तर सोपे आहे: खोके रिकामे करायचे, ते टाचण्यांनी भिंतीला ठोकायचे आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. पण खोके टाचण्यांनी भरलेले असले की अनेकांना ते सुचत नसे. तेच खोके रिकामे करून समोर ठेवले की कितीतरी जास्त लोकांना सुचे. वस्तू ज्या कामात दिसते त्या कामालाच आपले मन तिला बांधून टाकते. टायरचे रबर टायरसाठीच असते. ती गाठ सोडवायला वस्तूकडे तिच्या गुणांवरून पाहावे लागते. वाकते का, झिजते का, पाण्यात टिकते का, असे प्रश्न तिला विचारावे लागतात. हातांनी काम करणारा माणूस हे सहज करतो, कारण त्याचा संबंध नावाशी कमी आणि पदार्थाशी जास्त येतो.

पण कल्पना सुचणे हा या गोष्टीचा मध्य आहे, शेवट नाही. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली सर्जनशील विचाराचे चार टप्पे सांगितले: तयारी, मनात मुरणे, सुचणे आणि पडताळणी. लोकांच्या लक्षात तिसरा टप्पा राहतो. चांगल्या रचनेचे भवितव्य मात्र बहुधा चौथ्यात ठरते.

पावलाचा साचा तयार झाला आणि अख्खे रबराचे पाऊल निघाले. ते टिकाऊ होते, पाण्याला भीत नव्हते, दिसायलाही ठीक होते. पण ते भयंकर जड आणि ताठ होते. दिवसभर असा भार ओढणे शक्य नव्हते. मग बाहेरचे कवच तसेच ठेवून आत काय भरायचे, यावर प्रयोग सुरू झाले. शेवटी आत तीन तुकडे आले. टाचेत आणि चवड्यात मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे अतिसूक्ष्म बुडबुड्यांनी भरलेले हलके रबर. संवेदना गेलेल्या पायांना जखमा होऊ नयेत म्हणून कुष्ठरुग्णांच्या चपलांतही तेच वापरतात. आणि घोट्यात लाकडाचा ठोकळा, ज्यातून जाणारा बोल्ट पावलाला वरच्या पायाशी जोडतो. या सगळ्यावर रबराचे आणि टायर कॉर्डचे थर गुंडाळायचे, वरून कातडीच्या रंगाचे रबर लावायचे आणि साच्यात घालून भाजायचे.

सॅच फूटशी तुलना केली की यातली खुबी कळते. तिथे ताठ लाकूड बोटांच्या मुळापर्यंत जात होते. इथे ते घोट्यातच थांबले. पुढचा सगळा भाग वाकायला मोकळा झाला. उकिडवे बसले की पाऊल वर दुमडते, मांडी घातली की आत वळते, ढेकळावर टेकले की त्या बाजूला कलते. एकही यांत्रिक सांधा न घालता हे सगळे साधले आहे. बिजागरी करायची ती रबराने आणि त्याच्या थरांच्या मांडणीने केली. वरचा पाय सुरुवातीला अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून बनवत. ते कामही इथल्या कारागिरांच्या हाताखालचे. ही जुळणी साधारण १९६८ पर्यंत आकाराला आली.

आणि परीक्षा घ्यायला रुग्ण होतेच. शेतकरी, मजूर, रिक्षा ओढणारे. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर पाऊल लाखो वेळा दाबून पाहता येते, पण झाडावर चढताना पाय कसा वागतो हे झाडावर चढणाराच सांगू शकतो. मुंबईच्या सुधा चंद्रन यांनी तर ही परीक्षा रंगमंचावर दिली. १९८१ साली तमिळनाडूत झालेल्या बस अपघातानंतर या तरुण भरतनाट्यम नर्तकीचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जयपूर फूट बसवून, वेदना सोसत सराव करून १९८४ साली त्या पुन्हा नृत्यासाठी उभ्या राहिल्या. त्यांच्या आयुष्यावर आधी तेलुगूत ‘मयूरी’ आणि १९८६ साली हिंदीत ‘नाचे मयूरी’ हे चित्रपट आले, दोन्हींत त्यांनी स्वतः काम केले. भरतनाट्यमात अर्धे बसलेल्या स्थितीत अनवाणी तळवा जमिनीवर सपाट आपटावा लागतो. बुटात घालायच्या पावलाने हे होणे अवघड होते. शेतकऱ्यासाठी घातलेल्या अटी नर्तकीच्याही उपयोगी पडल्या.

दुसऱ्या एका जगप्रसिद्ध रचनाकार जोडप्याची वाटही पायावरूनच गेली होती. चार्ल्स आणि रे ईम्स यांना प्लायवूड दोन दिशांना वाकवून शरीराला बसणारी खुर्ची करायची होती आणि ते जमत नव्हते. युद्धकाळात त्यांना कळले की जखमी सैनिकांच्या मोडलेल्या पायाला बांधायच्या धातूच्या पट्ट्या स्ट्रेचरचे हादरे जखमेपर्यंत पोचवतात. त्यांनी चार्ल्सच्या स्वतःच्या पायाचा साचा घेऊन प्लायवूडचा आधार बनवला. प्लायवूड अशा गोलाईत वाकवले की तडकते, म्हणून त्याला मोजक्या जागी फटी ठेवल्या. त्या फटींनी लाकडातला ताण मोकळा केला आणि बांधायच्या पट्ट्या ओवायलाही त्याच उपयोगी आल्या. १९४२ पासून अमेरिकी नौदलासाठी असे सुमारे दीड लाख आधार तयार झाले. या कामात हाताला जे कळले त्यातूनच युद्धानंतर त्यांची प्लायवूडची प्रसिद्ध खुर्ची झाली. बऱ्याच लोकांना खुर्ची माहीत आहे, तो पायाचा आधार माहीत नाही. खरे शिक्षण तिथे झाले होते.

याच ईम्स दांपत्याला भारत सरकारने बोलावले आणि त्यांनी १९५८ साली भारतातल्या रचनाशिक्षणाविषयी एक अहवाल दिला. त्या अहवालामुळे १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशभर पाहिलेल्या असंख्य वस्तूंतून त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केले ते आपल्या तांब्याचे, म्हणजे लोट्याचे. भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, कमरेवर, डोक्यावर, हातात तो कसा बसतो, धार कशी पडते, आतून घासायला सोपा आहे का, धातू हाताला कसा लागतो, किंमत काय, अशा कितीतरी अंगांनी त्यांनी त्याचा विचार केला. आणि त्यांनी नोंदवले की ही वस्तू कोणा एकाने रचलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी आणि घडवणाऱ्यांनी ती थोडी थोडी सुधारत नेली आहे. सेठी आणि मास्टरजींनी जे काही वर्षांत केले, ते तांब्याच्या बाबतीत शतकांनी केले एवढाच फरक.

कल्पना चमकदार असूनही पडताळणी कच्ची राहिली तर काय होते, त्याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या ‘प्लेपंप’चे आहे. मुलांनी चक्रीवर खेळायचे आणि त्या फिरण्याने जमिनीतले पाणी वर टाकीत चढायचे, अशी ती कल्पना. ऐकताक्षणी आवडते. जागतिक बँकेने २००० साली तिला पुरस्कार दिला, २००६ साली अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली. गावात मात्र मुले शाळेत गेली की चक्री थांबायची, आणि पाण्याची गरज थांबत नसे. मग मोठ्या बायकांना ती जड चक्री हाताने ढकलावी लागे, आणि जुना साधा हातपंप तर काढून टाकलेला असायचा. ‘गार्डियन’ने २००९ साली हिशेब मांडला की ठरवलेले लक्ष्य गाठायचे तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावे लागेल. या कल्पनेत कल्पकता कमी नव्हती. पाणी भरणाऱ्या बाईचा दिवस कोणी पाहिला नव्हता.

जयपूर फूटलाही सुरुवातीला मोजक्याच लोकांपर्यंत पोचता आले. चांगली वस्तू घडली तरी ती गरजूच्या हाती कशी जाणार, हा रचनेचाच पुढचा प्रश्न असतो. १९६९ साली गंभीर अपघातात स्वतःचा पाय जाता जाता वाचलेले सनदी अधिकारी डी. आर. मेहता यांनी १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. इथेही त्यांनी माणसाचा दिवस पाहिला. दूर खेड्यातून आलेल्या मजुराला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हटले तर तो परत येईल असे नाही. येण्याजाण्याचे पैसे आणि बुडणारी मजुरी दोन्ही त्याला झेपत नाहीत. म्हणून केव्हाही येणाऱ्याला दाखल करून घ्यायचे, राहण्याजेवणाची सोय करायची आणि शक्यतो थोड्या तासांत किंवा दिवसांत पाय बसवून, फुकट, घरी पाठवायचे, अशी पद्धत पडली. अॅल्युमिनियम ठोकायला वेळ लागतो. पुढे त्याची जागा पाण्याच्या पाइपसाठी वापरतात त्या एचडीपीई प्लास्टिकने घेतली. पायाच्या उरलेल्या भागाचा प्लास्टरचा ठसा घ्यायचा, पाइप भट्टीत मऊ करायचा आणि ठशावर चढवायचा. थंड झाला की पायाची नळी तयार. टायरवाल्याच्या दुकानात जी नजर होती तीच पाइपच्या दुकानातही कामाला आली.

या पायात उणिवाही आहेत आणि त्या सांगायला हव्यात. तो हाताने बनतो, त्यामुळे एका कारागिराचे पाऊल दुसऱ्याच्या पावलासारखेच निघेल याची खात्री नसते. कार्बन तंतूंच्या आधुनिक पावलांपेक्षा तो जड आहे. घाईने घेतलेल्या मापामुळे खोबणी नीट बसली नाही तर जखमा होतात, आणि या व्यवसायातल्या तज्ज्ञांनी त्यावर टीका केली आहे. टीका रास्त आहे. ती झाल्यामुळेच काम पुढे सरकले. गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांची अडचण आणखी मोठी असते. दाराच्या बिजागरीसारखा एकाच अक्षावर फिरणारा गुडघा भार पडताना अवचित दुमडतो आणि माणूस कोसळतो. समितीबरोबर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास तेल मुरवलेल्या नायलॉनचा एक स्वस्त गुडघा तयार केला. त्यात फिरण्याचा अक्ष दुमडण्याबरोबर सरकत जातो, त्यामुळे उभे असताना तो पक्का राहतो आणि बसताना मोकळा होतो. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ च्या उत्तम शोधांत या ‘जयपूर नी’ची नोंद केली. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही पडताळणीचा टप्पा चालूच होता.

जयपूर फूटचे पेटंट घेतले गेले नाही. ज्याला शिकायचे त्याने यावे आणि शिकून जावे, अशीच वाट मोकळी राहिली. म्हणून अफगाणिस्तान, कंबोडियासारख्या सुरुंगांनी पोळलेल्या देशांत हा पाय पोचू शकला. भाताच्या खाचरात अनवाणी उतरणाऱ्या कंबोडियन शेतकऱ्याला तो परका वाटला नाही, कारण ज्या अटींवर तो घडला त्या त्याच्याही होत्या.

डॉ. सेठींना १९८१ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली. तो गौरव योग्यच होता. त्यांनी प्रश्न फिरवला नसता तर काहीच घडले नसते. पण रबरात हात घालणाऱ्या मास्टरजींच्या वाट्याला तशी कीर्ती आली नाही. आजही अनेक ठिकाणी या पायाची माहिती एकाच नावावर संपते. शरीराचे शास्त्र जाणणारा डॉक्टर आणि पदार्थ जाणणारा कारागीर यांपैकी एकाला वगळले तर हा पाय उभाच राहत नाही. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या आणि डिझाइनच्या वर्गांत हे उदाहरण शिकवले जाते, शाळेच्या धड्यांतही ते यायला हवे. ते शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे आहे: फळ्यावर प्रमोद करण सेठी हे नाव लिहाल, तेव्हा त्याच ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात रामचंद्र शर्मा हे नावही लिहा.